जांभळाखालचा हौद आणि चार रंगांचे डाग

पत्र असं आहे:

"मावशी, इंदूरला बायपासच्या पलीकडे आमचं घर आहे. सासऱ्यांनी हौसेनं मागच्या अंगणात स्विमिंग पूल बांधला, आठ मीटर बाय चार. ते गेल्यावर दोन वर्षं एक माणूस महिन्याच्या पैशांवर सगळं बघायचा. मे महिन्यापासून तो यायचा बंद झाला. आता पायऱ्यांवर तपकिरी डाग पडलेत, पाणी येतं त्या तोंडाजवळ निळसर करडी सावली आहे, जांभळाच्या बाजूला तळाशी काळे ठिपके आणि वर कडेनं पांढरी रेघ. एका ठेकेदारानं पूल रिकामा करून अ‍ॅसिडनं धुवायचे पंचेचाळीस हजार सांगितले. सासूबाई म्हणतात, हौद बुजवा आणि पेरू लावा. नवऱ्याची फिरतीची नोकरी. मला रसायनांची भीती वाटते, पण नऊ वर्षांच्या मुलीला पोहण्याचं वेड आहे. हे मला स्वतःला शिकता येईल का?"

मावशी म्हणालीस, तेव्हा अगं-तुगंच करते. येईल शिकता. वरणाला फोडणी कधी द्यायची हे जिला कळतं, तिला पाण्यात काय किती घालायचं हेही कळेल. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्या अनुभवावरून सांगते: भीती वाटणारी मुलंच प्रयोगशाळेत कमी भांडी फोडतात.

पण आधी त्या ठेकेदाराला नाही म्हण. आत्ता जुलै चालू आहे. आपल्या माळव्यातली काळी माती पाऊस पिऊन फुगते आणि जमिनीखालचं पाणी वर येतं. भरलेला पूल आतल्या पाण्याच्या वजनानं जागेवर बसून असतो. तो रिकामा केलास तर खालचं पाणी त्याला होडीसारखा वर ढकलतं, आणि तळाला तडा जायला एक रात्र पुरते. मग पंचेचाळीस हजारांत काही भागत नाही. दुसरं, अ‍ॅसिड डाग उचलत नाही, डाग ज्या गिलाव्यावर बसलाय त्याची सालच काढतं. तुझ्या तळाला पांढऱ्या सिमेंटचा गिलावा असणार. साल गेली की तो खरखरीत होतो, आणि पुढचा डाग त्यात आणखी घट्ट बसतो. दहा-बारा वर्षांतून एकदा, उन्हाळ्यात, जाणत्या माणसाकडून करून घ्यायचं काम आहे ते. दरवर्षीचा उपाय नव्हे.

तुझ्या पत्रात मला आवडलं ते हे, की चार डागांचे चार रंग आणि चार जागा तू वेगवेगळ्या लिहिल्यास. अर्धं निदान तिथेच झालं. उरलेलं अर्धं औषधाच्या कपाटातून आणि स्वयंपाकघरातून होईल.

औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिन सी च्या साध्या, शक्यतो पांढऱ्या गोळ्या आण. संत्र्याच्या चवीच्या रंगीत गोळ्या नकोत, नाहीतर डाग गोळीचा की पायरीचा ते कळायचं नाही. चार गोळ्या कुटून जुन्या मोज्यात भर, गाठ मार. पंप बंद कर म्हणजे पाणी स्थिर राहील. तपकिरी डागावर मोजा दाबून धर आणि मनात साठ आकडे मोज. मोजा उचलल्यावर खाली रुपयाएवढा पांढरा ठसा दिसला तर तो डाग लोखंडाचा. व्हिटॅमिन सी म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, ते गंजातल्या लोहाला पुन्हा पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणतं. एवढंच त्यामागचं विज्ञान. पहिल्यांदा हा ठसा उमटताना पाहिला तेव्हा मी चाळिशीची होते आणि शाळकरी मुलीसारखी टाळी वाजवली होती.

दुसरी परीक्षा काळ्या ठिपक्यांची. तिथे दाणेदार क्लोरीन चिमूटभर, अगदी हळद घालतो तेवढं, पाण्यातून डागावर खाली पडू दे आणि पाच मिनिटांनी ब्रश मार. फिकटला तर तो पाल्याचा किंवा जांभळाचा रंग. क्लोरीन सेंद्रिय रंग जाळतो.

मला मात्र संशय आहे की तुझे काळे ठिपके नुसत्या क्लोरीननं पुरते जाणार नाहीत. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा ठिक्कर पडतो, पाहिलंयस ना? आमच्या आजोबांच्या काळी हिरडा आणि हिराकस एकत्र करून लिहायची शाई करत. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि हिराकशीतलं लोह मिळून काळा रंग होतो, आणि तो धुऊन जात नाही, म्हणून तर जुने कागद अजून वाचता येतात. जांभळाच्या पानांत आणि सालीत तेच तुरट द्रव्य आहे, आणि तुझ्या पाण्यात बहुधा लोह आहे. म्हणजे तुझ्या पूलच्या तळाशी दोन महिने शाई तयार होतेय. तिथे आधी क्लोरीन आणि नंतर व्हिटॅमिन सी, असे दोन्ही लागतील. याच क्रमानं, कारण व्हिटॅमिन सी आणि क्लोरीन एकमेकांना खाऊन टाकतात. एकाच दिवशी दोन्ही ओतलेस तर दोन्हींचे पैसे पाण्यात, आणि हे मी शब्दशः म्हणतेय.

पांढऱ्या रेघेवर पांढऱ्या व्हिनेगरचे चार थेंब टाक. फसफसलं तर तो चुन्याचा थर. बोरिंगचं पाणी उकळून पातेल्याच्या तळाशी जे जमतं, तेच हे. इंदूरच्या उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात, आपण वरून पुन्हा बोरिंगचंच पाणी सोडतो आणि क्षारांवर क्षार चढत जातात. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर वर चढवून शहरात आणतात, तेही नळाला एक दिवसाआड, ते पूलमध्ये ओतायला सांगायची माझी तरी जीभ वळत नाही. पण आत्ता आकाशातून मऊ पाणी फुकट पडतंय. ते पडू दे, वरून वाहून जाऊ दे. जुने क्षार आणि क्लोरीनच्या जुन्या गोळ्यांतला साठा त्यानं आपोआप पातळ होतो. रेघ घासायला पाणी चार बोटं खाली उतरव, व्हिनेगरात किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं टाइलला चिकटवून ठेव आणि नायलॉनच्या ब्रशनं घास. भांडी घासायची तारेची घासणी चुकूनही वापरू नकोस. तिचे तुकडे सांध्यांत अडकतात, गंजतात, आणि महिन्याभरात तू मला पाचव्या डागाबद्दल पत्र लिहितेस.

राहिली निळसर करडी सावली. तिच्यावर व्हिटॅमिन सी फारसं चालत नाही, क्लोरीनही नाही. ती तांब्याची असावी असा माझा अंदाज. तुझा माणूस शेवाळ मारायला मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, टाकत असणार. हे मी इतक्या खात्रीनं म्हणते, कारण हा गाढवपणा मी स्वतः केलाय. तीसेक वर्षांपूर्वी एका नातेवाइकांच्या फार्महाउसवरचा छोटा पूल उन्हाळ्यात हिरवा पडला. "ही केमिस्ट्रीची बाई" म्हणून मला बोलावणं आलं. मी ऐटीत मोरचूद घातलं, मोजमाप न करता. शेवाळ मेलं, पाणी निळंशार झालं, सगळे खूश. रविवारी आमची आत्या पोहली. केस पूर्ण पांढरे, आणि मेंदी लावायचा तिला तिटकारा. सोमवारी सकाळी चहाच्या वेळी तिच्या केसांवर पोपटी झाक. तांबं केसांना धरतं, हे मी वर्गात शिकवलं होतं, पण घरात बघितलं ते तेव्हा. आत्या पुढे चार महिने पदर डोक्यावरून घेऊन हिंडली आणि माझ्याशी बोलताना शब्द मोजून वापरायची. पूलच्या भिंती तर करड्या झाल्याच. तेव्हा मोरचूद बंद. शेवाळ क्लोरीन आणि ब्रशनं आवरतं. सावलीसाठी धातू बांधून ठेवणारं द्रव मिळतं. पूलचं सामान विकणाऱ्याकडे 'मेटल रिमूव्हर' किंवा 'सिक्वेस्टरंट' म्हणून माग आणि डब्यावर लिहिलेल्या मापानं घाल. सावली एकदम जात नाही, दोन-तीन महिन्यांत फिकी होते. धीर धर.

पायरीवर एकच डाग वारंवार त्याच जागी, टाचणीच्या टोकाएवढ्या मध्यातून पसरत येत असेल, तर तो पाण्यातून आलेला नाही. गिलाव्याखाली सळईला बांधलेली तार राहून गेलीय आणि ती गंजतेय. त्यावर किलोभर व्हिटॅमिन सी ओतलंस तरी महिन्यात परत. तिथे गवंड्याला बोलावून तेवढी जागा टोकरून तार कापायची आणि पाण्याखाली टिकणाऱ्या पांढऱ्या पुट्टीनं भरायचं. आणि मुलीच्या केसांतले आकडे पूलमध्ये जाऊ देऊ नकोस. बरेच तपकिरी ठिपके त्या आकड्यांचे निघतात.

आता मापाचं. तुझा पूल आठ बाय चार, एका टोकाला मीटरभर आणि दुसऱ्या टोकाला एक पूर्णांक सहा दशांश मीटर खोल धरू, म्हणजे सरासरी 1.3. गुणाकार केलास की 41.6 घनमीटर, म्हणजे 41,600 लिटर. हा आकडा पंपाच्या खोलीच्या दारावर खडूनं लिही. खोली वेगळी असेल तर आकडा बदल. डब्यावरचं प्रत्येक प्रमाण या आकड्याशी जोडायचंय.

तपासणीचा संच घेताना डीपीडीचा घे. नुसता पिवळा रंग दाखवणारा ओटीओचा संच एकूण क्लोरीन दाखवतो, कामाचा किती उरलाय ते सांगत नाही. मोकळा, म्हणजे कामाचा, क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग), पीएच, म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, 7.2 ते 7.6, पीएच स्थिर ठेवणारी क्षारता 80 ते 120 पीपीएम, कॅल्शियम 200 ते 400 पीपीएम. तुझ्या एवढ्या पाण्यात 65 टक्क्यांचा दाणेदार क्लोरीन साधारण 65 ग्रॅम घातला की एक पीपीएम वाढतो. क्षारता कमी असेल तर खायचा सोडा 700 ग्रॅम घातला की दहानं वाढते. तो सियागंजात घाऊक भावात मिळतो, पूलच्या दुकानात त्याच सोड्याला गोंडस नाव आणि तिप्पट किंमत असते. पीएच चढला असेल तर म्युरिअॅटिक, म्हणजे हायड्रोक्लोरिक, अ‍ॅसिड अर्ध्या बादली पाण्यात पाव लिटर मिसळून, पंप चालू असताना खोल बाजूला हळू ओत, चार तासांनी पुन्हा मोज आणि मग ठरव. एका दमात लिटरभर नको.

क्लोरीन नेहमी दिवे लागणीला घाल. भर उन्हात तास-दोन तासांतच त्यातला बराचसा उडून जातो. तरंगत्या डबीत टाकायच्या पांढऱ्या गोळ्यांमध्ये ऊन सोसणारं सायन्युरिक आम्ल असतं, म्हणून त्या टिकतात. पण ते आम्ल साठतच जातं, आणि फार साठलं की क्लोरीन असूनही सुस्त पडतो. तुझ्याकडे दोन वर्षं बहुधा त्याच गोळ्या चालल्यात. मोजून बघ, 30 ते 50 ठीक. शंभराच्या वर गेलं असेल तर पाणी थोडं थोडं बदलणं हाच इलाज, आणि पावसानं ते काम चालू केलंय.

क्लोरीनचा वास फार येतो, म्हणजे क्लोरीन जास्त झालाय, असं सासूबाई म्हणतील. उलट असतं. घामा-लघवीशी मिसळून दमलेल्या क्लोरीनचा तो वास. मुलीला उतरण्याआधी अंघोळ आणि बाथरूमला जाऊन यायची सवय लाव. रंगपंचमीच्या गेरीहून, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीहून, आलेल्या पाहुण्यांना तर आधी नळाखाली उभं कर, आणि ते ओशाळले तर ओशाळू देत.

भीतीबद्दल लिहिलंस, ती तीन ठिकाणी जपून ठेव, बाकी सोड. दाणेदार क्लोरीन आणि तरंगत्या गोळ्या एकत्र कधीच ठेवायच्या नाहीत, एकाच मगानं मोजायच्याही नाहीत. ओल्या मगात दोन्हींचे कण भेटले तर पेट घेऊ शकतात. दोघांना दोन रंगांचे मग, दोन वेगळ्या फळ्या. क्लोरीन आणि अ‍ॅसिड तर घरातल्या दोन वेगळ्या कोपऱ्यांत. एकत्र आले की विषारी वायू निघतो. आणि नेहमी पाण्यात रसायन घालायचं, रसायनावर पाणी नाही. हातमोजे, चष्मा, वाऱ्याकडे पाठ. खोलीला कुलूप, चावी मुलीच्या हाताला लागणार नाही अशी. पूललाही दार असेल तर त्याची कडी आतून नको, बाहेरून आणि उंच.

रोजचं काम पंधरा मिनिटांचं आहे. सकाळी जाळीनं पानं काढ, पानं अडकतात ती टोपली रिकामी कर, पाण्याकडे बघ. तळाच्या जाळीवरचा स्क्रू दिसला पाहिजे, नुसता पांढरेपणा दिसून चालत नाही. पंप सहा ते आठ तास. वाळूच्या फिल्टरवर दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ असतं. फिल्टर नुकता धुतलेला असताना काटा कुठे असतो ते पेनानं खूण करून ठेव. त्याच्यापेक्षा अर्धा किलोनं वर चढला की उलटं पाणी सोडून धुवायचा, म्हणजे बॅकवॉश. हँडल फिरवण्याआधी पंप बंद. हे विसरलीस तर आतलं रबर फाटतं. ते पाणी गटारात सोड, तुळशीला नाही.

आत्ता या महिन्यात एवढंच कर: जांभळाची पानं रोज काढ, आणि दोन दिवस उघाड मिळाली की एका संध्याकाळी 650 ग्रॅम दाणेदार क्लोरीन बादलीत विरघळवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं पाणी कडेकडेनं सोड. रात्रभर पंप. दुसऱ्या दिवशी काळे ठिपके ब्रशनं घास. क्लोरीन तीनवर उतरेपर्यंत मुलीला पाण्यात पाठवू नकोस. यानं तपकिरी डाग थोडे गडद झाले तर घाबरू नकोस, लोह आणखी गंजलं इतकंच.

लोखंडाचा मोठा उपचार दसऱ्यानंतर, पाऊस संपल्यावर. त्यासाठी क्लोरीन जवळजवळ शून्यावर न्यावा लागतो, आणि भर पावसाळ्यात तसा पूल उघडा ठेवलास तर हिरवा होईल, वर डासांचं माहेर. तेव्हा चार दिवस क्लोरीन बंद, पीएच 7.2 च्या आसपास, आणि अर्धा किलो अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाची पूड डागांच्या डोक्यावरून शिंपड. पंप चालू. तासाभरात पायऱ्या उजळायला लागतील. लगेच धातू बांधणारं द्रव घाल, कारण डाग गेला म्हणजे लोह गेलं नाही, ते आता पाण्यात आहे आणि पहिल्या जोरदार क्लोरीनला पुन्हा पायरीवर बसेल. पुढचे आठ-दहा दिवस क्लोरीन थोडा थोडा वाढव. सुरुवातीला घातलेला कुठे गायब होतो असं वाटेल. उरलेलं व्हिटॅमिन सी त्याला खातंय. क्षारताही खाली आलेली असेल, सोड्यानं वर आण.

पेरू लावायला माझी हरकत नाही, फक्त हौदापासून लांब. जांभूळ तोडू नका. पुढच्या जूनमध्ये त्याच्याखाली हिरवी जाळी बांधा आणि जाळीतली जांभळं सासूबाईंना द्या.

आणि या रविवारी एक कर. पांढऱ्या प्लास्टिकच्या बादलीत ताजं बोरिंगचं पाणी भर, त्यात चिमूटभर दाणेदार क्लोरीन टाक, ढवळ आणि तासभर ठेव. पाणी चहासारखं पिवळं-तपकिरी झालं तर लोह तुझ्या बोरिंगमधूनच येतंय, मग पूल भरण्याच्या नळीला फिल्टर लावायला हवा. स्वच्छ राहिलं तर आपल्याला गंजलेला पाइप शोधावा लागेल. बादलीचा रंग काय झाला ते मला कळव.